कैफियतीचा रकाना

फसली तेराशे अठ्ठावन्न.
आमच्या तहसिलीत कागद अजून उर्दूतच चालायचे.
उजवीकडून सुरुवात: मालकाचं नाव, मग खण,
मग किती जळालं, पूर्ण की निम्मं की किरकोळ,
मग तुळया, मग धान्य, मग विहीर,
आणि पार डाव्या कडेला, अंगठ्याखाली येणारा
कैफियतीचा रकाना. दोन बोटं रुंद.

मी गिरदावर. बरोबर शिवलिंग चपराशी, दौत आणि फीत घेऊन.
पौषातली थंडी. तेरणेच्या अल्याडची अकरा गावं.
हुकूम साधा होता:
पूर्ण घराला चार तुळया, दोन पल्ले जवारी.
निम्म्याला निम्मं.
किरकोळीला काही नाही.

माळवदाचं घर कसं जळतं
हे हुकूम काढणाऱ्याला माहीत नसावं.
माती जळत नाही. आतलं लाकूड जळतं,
मग वरची हातभर माती खाली येऊन बसते
जात्यावर, उतरंडीवर, बाजेवर.
भिंती उभ्याच राहतात.
भिंती उभ्या म्हणून निम्मं लिहावं,
तर निजायला जागा पूर्ण गेलेली.
पहिल्या गावात मी निम्मं लिहिलं, सतरा वेळा.
रात्री चावडीत कंदिलाखाली सतराही खोडून पूर्ण केले.
खाडाखोडीचा जाब पुढं द्यावा लागला.

करोडगिरीचा नाका जळालेला; तो सरकारी, त्याचा कागद वेगळा.
ओढ्यावरच्या पुलाची एक कमान उडवलेली.
इमदादीच्या गाड्या त्याच वाटेनं यायच्या होत्या,
म्हणून पूल मी पहिल्या पानावर घेतला, माणसांच्या आधी.
त्यावरनं सोजरबाई मला पुष्कळ बोलली.
"पुलाला भूक लागती व्हय रं?"
तिचं घर शाबूत होतं. फक्त दार नेलेलं, चौकटीसकट.
दाराला रकाना नव्हता.
"रातच्याला मीच बसते तितं," म्हणाली, "आडवी."

काही घरं आधी जळालेली, काही नंतर.
कुणी जाळली, हे मला कागदानं विचारलं नव्हतं
आणि गाव आपण होऊन सांगत नव्हतं.
आधीच्या राखेत आघाडा उगवून वाळला होता.
नंतरच्या राखेत अजून काहीच नव्हतं.
मला एवढाच फरक दिसला.

सातव्या गावी, मशिदीमागची विहीर.
पाणी आहे? लिहिलं, आहे.
पिण्याजोगं?
मडोळप्पा पाटील काठाशी आलाच नाही.
लांबूनच म्हणाला, "गाळ लिवा, सायेब.
गाळ काढायचा हाय म्हना."
मी गाळ लिहिलं.
उपशाला हाली चाळीस रुपये मंजूर झाले,
दोर आले, डोल आले,
उतरायला गावात माणूस मिळेना.
शेवटी बाहेरून दोघं आले, तोंडाला फडकी बांधून.
त्या दिवशी गावानं कवाडं लावून घेतली,
ज्यांना कवाडं होती त्यांनी.

विहिरीला लागून मैनोद्दीन पिंजाऱ्याचं घर. तीन खण. पूर्ण.
शिवलिंगानं नावानं तीनदा हाक मारली.
भिंतीच्या फटीत कापूस तेवढा उरला होता,
पांढरा. कसा जळाला नाही कोण जाणे.
चार तुळया मांडल्या तरी. येतील, म्हटलं.
कैफियत कोरी ठेवली.

तुळया आल्या.
फाल्गुन गेला, चैत्र गेला, न्यायला कुणी आलं नाही.
वैशाखात मला विचारणा झाली:
शिल्लक माल कुठे आहे, आणि कैफियत कोरी का.
मालाचं उत्तर मी लिहून दिलं.

बारा वर्षांनी त्याच गावी मोजणीला गेलो.
शाळेला माळवद होतं, आणि वर चार तुळयांवर
माझ्याच हातचे गेरूचे आकडे: गाव सात, घर अठ्ठावीस.
खाली पोरं निमकी घोकत होती.
मास्तर म्हणाले, बसा, पाणी घ्या,
आमच्या विहिरीचं पाणी गोड आहे.
मी तांब्या हातात घेतला
आणि त्यांना पटावरची पोरं किती, ते विचारलं.